वजा ३६,५१० दिवस

वाचनालयाची देवघेव नव्वदच्या दशकात क्लिपर या भाषेत लिहिलेल्या, डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरच्या प्रोग्रॅमवर चालते. जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा मी सगळा फोल्डर नव्या मशीनवर आणला. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स हा जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकला.

पहिलंच पुस्तक परत आलं. नेलं ०३/०३/२४, परत १८/०३/२४, आणि एकूण दिवस वजा ३६,५१०!

दोन्ही तारखा स्क्रीनवर अगदी बरोबर दिसत होत्या. जुन्या मशीनच्या घड्याळाचा सेल कधीच संपलेला, चालू केलं की १९८० दिसायचं. त्यामुळे दोन्ही तारखा हाताने टाकायची सवय होती. हाताने टाकलेलं २४ क्लिपर १९२४ धरतो. दोन्ही तारखा एकाच शतकात चुकल्याने वजाबाकी जुळायची. नव्या मशीनवर नेल्याची तारीख घड्याळातून आपोआप २०२४ आली, परतीची मात्र हाताने.

घड्याळ २८ वर्षं मागे न्या, वारही जुळतात, असा सल्ला मिळाला. करून पाहिलं. ब्राउझर एकही सुरक्षित साइट उघडेना, कारण त्यांची प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून लागूच झाली नव्हती. शिवाय नोंदवहीत जाणूनबुजून खोटी तारीख घालणं मला पटेना. घड्याळ लगेच पूर्ववत केलं.

फोल्डरात प्रोग्रॅमचा मूळ कोड असलेल्या पीआरजी फायली सापडल्या, त्याने जीव भांड्यात पडला. सुरुवातीला ‘सेट इपॉक टू १९३०’ ही ओळ घातली: ३० ते ९९ म्हणजे १९००चं शतक, त्याखालचं २०००चं. पण १९२६ साली जन्मलेले सभासदही आहेत, म्हणून वर्ष चार आकडी करणारं ‘सेट सेंच्युरी ऑन’ही केलं. तारीख दोन अक्षरांनी रुंदावली आणि शेजारच्या रकान्यावर चढली. ते रकाने सरकवण्यातच संध्याकाळ गेली.

मग जुन्या नोंदी. नोंदी ठेवणारी डीबीएफ फाइल वर्षाचे चारही आकडे साठवते, त्यामुळे चुकलेल्या नोंदी ओळखता आल्या. आमची पहिली नोंद १९९३ची, म्हणजे देवघेवीत त्याआधीची प्रत्येक तारीख चुकीची. आधी फाइलची प्रत काढली, मग त्या तारखांत शंभर वर्षांचे ३६,५२५ दिवस मिळवले. जानेवारी-फेब्रुवारी १९०० दिसणाऱ्या नोंदींना मात्र एक दिवस कमी, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० होतं. त्याच कारणाने २९ फेब्रुवारी २०००च्या तारखा प्रोग्रॅमने तेव्हा स्वीकारल्याच नव्हत्या. ते रकाने कोरे होते. कागदी पावत्या काढून मी ते हाताने भरले.