डेबियनच का?

रविवार, रात्री

भाच्याने आज विचारलं, "मामा, उबुंटू सोडून तू डेबियन का वापरतोस? आतून दोन्ही सारखंच ना?" दोन्ही लिनक्सच्याच ऑपरेटिंग सिस्टीम, त्यामुळे बऱ्यापैकी सारखंच आहे. २००४ साली उबुंटू निघालं तेच डेबियनच्या पायावर. सॉफ्टवेअरचं पॅकेज डेब प्रकारचंच, ते टाकायची कमांडही एपीटीचीच. रोजच्या कामात वेगाचाही फरक मला तरी जाणवत नाही.

त्याचा लॅपटॉप उघडला, उबुंटू २२.०४. टर्मिनलमध्ये एपीटीला फायरफॉक्स टाकायला सांगितलं, तर एपीटीने डेबऐवजी स्नॅप, म्हणजे दुसऱ्याच प्रकारचं पॅकेज, उतरवायला घेतलं. तिथलं फायरफॉक्सचं डेब पॅकेज नावापुरतंच उरलंय. आत ब्राउझर नाहीच, ते नुसतं स्नॅपकडे पाठवतं. स्नॅप वाईट नाही. आपोआप अपडेट होतो, बाकी सिस्टीमपासून वेगळा राहतो. पण मी मागितलं एक आणि मिळालं दुसरंच, हे मला खटकतं. शिवाय स्नॅप स्टोअर उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल या एकाच कंपनीच्या हातात. लिनक्स मिंट उबुंटूवरच उभं आहे, तरी २०२० मध्ये त्यांनी एपीटीच्या आडून स्नॅप शिरू द्यायचा नाही असं ठरवलं. बरं केलं.

डेबियनच्या डोक्यावर कंपनी नाही. १९९३ मध्ये इयन मरडॉकने सुरू केलेलं हे काम आजही स्वयंसेवक चालवतात आणि मोठा वाद झाला की सभासद मत देतात. वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, मुक्त (कोड सगळ्यांना खुला) नाही म्हणून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. नवख्या माणसाचे त्यापायी काय हाल व्हायचे! इन्स्टॉल करायला बसावं आणि नेटच नाही. २०२२ मध्ये यावर मतदान झालं, फर्मवेअर आत घ्यायचं ठरलं आणि २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीत ते आलं. इतका जुना आग्रह सोडला, तोही उघड चर्चा करून. माझ्या मशीनवर काय येणार हे असं ठरावं, एवढंच माझं म्हणणं.

याची किंमत आहेच. डेबियनची नवी स्टेबल, म्हणजे स्थिर, आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधल्या काळात सॉफ्टवेअर जुनं होत जातं. माझं काम लिखाणाचं आणि थोड्या कोडिंगचं, मला चालतं. भाच्याला गेम खेळायचे असतात, ग्राफिक्सचे ड्रायव्हर ताजे लागतात. त्याला डेबियन घे म्हणून गळ घालणं बरोबर नाही.

शेवटी पेनड्राइव्हवर मिंट घेऊन लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघितलं. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटर मात्र बघायचा राहिला. परीक्षा झाली की तो ठरवेल.