बंधारे मोजून भागत नाही

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याच्या, कामाचं मूल्यमापन बंधाऱ्यांच्या आकड्यावर संपवलं, की फसलंच समजा. विहिरींना पाणी चढतं, लगेच ऊस वाढतो, बोअर खोल जातात अन् मे महिन्यात टँकर पुन्हा हजर. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांत तर भूजलच उपसून भरतात, वर बाष्पीभवन!

म्हणून निरीक्षण विहिरींची (भूजल मोजायला ठरवलेल्या विहिरींची) पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी चारदा घ्या, पावसाशी ताडा, काम न झालेलं शेजारचं गावही मोजा. पीकपेरा, नवे बोअर यांची नोंद हवीच.

या मूल्यमापनात उत्क्रांतीच्या सिद्धांताकडून काही घ्यायचंच, तर निवडीचं गणित, म्हणजे काय टिकतं अन् काय पसरतं: कुठला गावनियम दुष्काळातही टिकला, कोणी उचलला? हिवरे बाजार या गावानं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. तोच नियम दुसऱ्या खडकावर, दुसऱ्या भाऊबंदकीत रुजेलच असं नाही. जिल्ह्याची सरासरी काढली की नेमका हाच फरक पुसला जातो.