छांगू तलाव, परमिट आणि आईचं मतदार कार्ड

सिक्कीमला निघालेलं कुणी भेटलं की हल्ली मी पहिल्यांदा विचारते, मतदार कार्ड घेतलंय का सगळ्यांचं? लोकरीचे कपडे, औषधं, खाऊ हे सगळं नंतर. गंगटोकला पोचून, छांगू तलाव जेमतेम चाळीस किलोमीटरवर असताना आमचा सगळा बेत एका कार्डावर अडला होता. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

छांगू म्हणजेच त्सोमगो. गंगटोकहून नथुला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू रस्त्यावर, ३,७५३ मीटर उंचीवरचा तलाव. सिक्कीम राज्यात शिरायला आपल्याला परमिट लागत नाही. राज्याच्या हद्दीवरची रंगपोची कमान ओलांडून आमची गाडी सरळ आत गेली. पण छांगूचा भाग चीनच्या सीमेलगत, संरक्षित क्षेत्रात येतो. तिथे जायला परमिट लागतं आणि ते आपण जाऊन काढू शकत नाही. नोंदणी असलेल्या ट्रॅव्हल एजंटमार्फतच अर्ज करावा लागतो, गाडीही सिक्कीमचीच लागते. कागद आदल्या दिवशी द्यायचे, सकाळी परमिट हातात आलं की निघायचं. ऐकायला इतकं सोपं.

आमची सहल गावाकडच्या एका बुकिंगवाल्याकडून ठरवली होती. त्याने पाठवलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, "ओळखपत्र : आधार कार्ड (मूळ प्रत) व दोन फोटो." त्याप्रमाणे मी, माझा नवरा, पाचवीतला मुलगा आणि आई, सगळ्यांची आधार कार्डं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी जपून आणली होती. आईने आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता. गुडघे धरायच्या आत एकदा बर्फावर उभी राहीन, एवढंच तिचं म्हणणं होतं. सहल तिच्यासाठीच होती.

गंगटोकच्या एजंटने फोल्डर उघडला, आधार कार्डं बाजूला सारली आणि म्हणाला, "आधार नहीं चलेगा मॅडम. व्होटर, लायसन्स या पासपोर्ट." माझं आणि नवऱ्याचं लायसन्स पाकिटात होतं. मुलाचा जन्मदाखला मी फायलीत टाकलेला होता, त्यावर त्याचं काम झालं. राहिली आई. तिने कधी गाडी चालवली नाही, पासपोर्ट काढलेला नाही आणि मतदार कार्ड कराडला घरी, लोखंडी कपाटात.

आधार का चालत नाही, हे मी त्याला तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. "रूल है" याच्यापुढे उत्तर नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. नथुलाला परदेशी माणसांना जाऊ देत नाहीत, छांगूलाही त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. तेव्हा आधारला नकार देण्यामागे काहीतरी विचार असेल, हे मी समजू शकते. पण मग लायसन्स तरी कुठे नागरिकत्वाचा पुरावा आहे? आणि नियम कसाही असो, तो पैसे घेताना सांगायला काय हरकत होती? बुकिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, आतापर्यंत कुणाची तक्रार आली नाही." एवढं बोलून त्याने एजंटशीच बोलून घ्या म्हणून सांगितलं.

मग मोबाइलवर ई-मतदार कार्ड काढायला बसलो. निवडणूक आयोगाने २०२१ पासून ही सोय केली आहे, पीडीएफ मिळते. पण ओटीपी जातो तो मतदार नोंदणीत असलेल्या मोबाइल नंबरवर, आणि आईच्या नोंदणीत नंबरच नव्हता. नंबर जोडायचा तर वेगळा अर्ज, त्याला दिवस लागणार. म्हणून सांगते, घरात वयस्क माणूस असेल तर त्याचा नंबर मतदार नोंदणीत आजच जोडून घ्या. सहल असो वा नसो.

शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. घराची किल्ली त्यांच्याकडेच असते, तुळशीला पाणी घालायला. काकू बिचाऱ्या हातातली पोळी तव्यावर टाकून धावल्या. कपाटाचा वरचा कप्पा, तिथे नाही. साडीच्या घडीखाली, तिथे नाही. आई इकडे फोनवर सांगतेय, "अगं, पेन्शनच्या पासबुकाच्या कव्हरात बघ." तिथे सापडलं. पहिला फोटो आला त्यात फ्लॅशची पांढरी चकाकी बरोबर आईच्या चेहऱ्यावर. दुसऱ्यात नाव धूसर. मग काकूंनी कार्ड खिडकीत उजेडाला धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले, ते लख्ख आले. मागच्या बाजूला पत्ता असतो, ती बाजू विसरू नका.

फोटो एजंटला दाखवला. त्याने दुपारी मला स्वतः सांगितलं होतं, "फोटो मंगवा लीजिए, हो जाएगा." आता मान वर न करता म्हणाला, "ओरिजिनल लगेगा." मी म्हटलं, तुम्हीच तर सांगितलंत. तर म्हणे, मैंने सिर्फ मंगवाने को बोला था. कराडहून कुरिअर गंगटोकला यायला किती दिवस लागतील, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. काउंटरपुढे खुर्च्या दोनच, त्यावर दुसरे लोक. आई जिन्याच्या कठड्याला टेकून उभी. ती हळूच मला म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या, मी हॉटेलात बसते." त्या वाक्याने मला जेवढं लागलं, तेवढं एजंटच्या बोलण्याने लागलं नव्हतं. कागद द्यायची वेळ त्या गडबडीत निघून गेली आणि रविवार हातचा गेला.

सुटका केली ती आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी. सगळे त्यांना दीदी म्हणत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नेपाळीत दोन फोन केले आणि आमच्या ड्रायव्हरला सांगून आम्हाला दुसऱ्या एका नोंदणीकृत एजंटकडे पाठवलं. त्याने मतदार कार्डाचे फोटो बघितले आणि म्हणाला, फायलीला झेरॉक्सच लागते, रंगीत प्रिंट काढून आणा, दोन्ही बाजू एकाच पानावर. एम. जी. मार्गाच्या मागच्या गल्लीत फोटो स्टुडिओत प्रिंट मिळाली, तिथेच आईचे जास्तीचे दोन फोटोही काढून घेतले. तो एजंट जे दोन मिनिटांत बोलला, ते पहिल्याला बोलता आलं असतं. नियम एकच होता, काउंटरवरचा माणूस बदलला एवढंच. म्हणून एका एजंटने नाही म्हटलं तर तिथेच हुज्जत घालत वेळ दवडू नका, हॉटेलवाल्यांना विचारा. त्यांचं रोजचं काम असतं ते.

सकाळी परमिट आलं. त्यावर आईचं नाव मी दोनदा वाचलं.

त्या परमिटवर प्रवाशांची नावं असतात, ड्रायव्हर ते चेकपोस्टवर दाखवतो. आयत्या वेळी माणूस बदलता येत नाही. सोमवार असल्यामुळे नथुला मिळालं नाही. सोमवारी आणि मंगळवारी खिंड पर्यटकांना बंद असते. रविवारी गेलो असतो तर तेही झालं असतं. ४,३१० मीटरवरच्या त्या खिंडीसाठी नवरा फार उत्सुक होता. तेव्हा गंगटोकमधले दिवस ठरवताना बुधवार ते रविवार यांतला दिवस वरच्या रस्त्यासाठी धरा आणि त्याशिवाय एक मोकळा दिवस हाताशी ठेवा.

रस्ता गंगटोकपासून सारखा चढत जातो. शहर साधारण १,६५० मीटरवर, म्हणजे दोनेक तासांत आपण दोन हजार मीटर वर येतो. शरीराला ते कळतं. मुलाचं डोकं दुखायला लागलं, त्याला थोडं थोडं पाणी पाजत राहिलो. उतरल्यावर धावू दिलं नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी घरून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. आणि पाण्याच्या विकत मिळणाऱ्या बाटल्यांवर सिक्कीममध्ये १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, स्वतःची स्टीलची बाटली भरून घ्या.

वाटेत टपऱ्यांवर गमबूट आणि जाड जाकिटं भाड्याने मिळतात. आईच्या पायात चपलेसारखा सैल बूट घालून दिला होता, तो मी बदलून घ्यायला लावला. मोजे आपले वापरा, तिथले ओलसर असतात.

आणि मग वळणानंतर तलाव दिसला. एप्रिलचा शेवट होता, पाणी मोकळं झालेलं, कडेने मात्र बर्फाचे पांढरे तुकडे अजून धरून होते. समोरच्या उतारांवर भरपूर बर्फ. छांगू साधारण किलोमीटरभर लांब आहे आणि हिवाळ्यात पूर्ण गोठतो. पाण्याच्या रंगावरून पूर्वी लामा पुढचं भाकीत सांगत, आणि गुरुपौर्णिमेला झाक्री म्हणजे तिकडचे मांत्रिक-वैदू इथे जमतात. काठावर याक उभे होते. त्यांच्या शिंगांना लाल, निळ्या, पिवळ्या लोकरीच्या विणलेल्या टोप्या घातलेल्या, कपाळावर झुंबरं. आईने याकवर बसायला साफ नकार दिला, पण त्याच्या शिंगावरचं विणकाम हातात धरून बघितलं आणि मला म्हणाली, "उलटा-सुलटा टाका आहे, सोपा आहे." मुलगा मात्र याकवर बसला आणि उतरायला तयार होईना.

रोपवे आहे, वरून सगळं खोरं दिसतं. ढग असतील तर पैसे घालू नका, आम्ही ढग हटायची वाट बघितली आणि ते सार्थकी लागलं. काठाकाठाने चालायला छान आहे, पण हळू. आई बर्फावर उभी राहिली. मी धरायला गेले तर म्हणाली, सोड, पडत नाही. मग वाकून मूठभर उचलला आणि नातवाच्या पाठीत टाकला.

परतताना क्योंगनोस्लाचा धबधबा बघितला. त्या भागात क्योंगनोस्ला अल्पाइन अभयारण्य आहे. मे-जूनमध्ये गेलात तर ऱ्होडोडेंड्रॉन फुललेलं दिसेल. आमच्या वेळी तुरळक कळ्या होत्या.

ड्रायव्हर "इथून पुढे नाही" म्हणाला तर ऐका. ४ एप्रिल २०२३ रोजी याच रस्त्यावर, परमिटची हद्द ओलांडून पंधराव्या मैलाकडे गेलेले पर्यटक हिमस्खलनात सापडले आणि सात जण गेले. आमच्यासोबतच्या एका गाडीतले लोक ड्रायव्हरशी पुढे चल म्हणून भांडत होते, ते बघवत नव्हतं.

फोटोंचं राहिलंच. माणशी सहा तरी पासपोर्ट फोटो न्या, उत्तर सिक्कीमच्या परमिटलाही लागतात. घरी आल्यावर बुकिंगवाल्याला मी पत्र लिहून त्याच्या कागदावरची ओळ बदलायला सांगितली. फोनही केला. "बघतो" म्हणाला. परवा शेजारच्यांना त्याने पाठवलेला कागद मी पाहिला, त्यात आधार कार्डच लिहिलेलं आहे. त्यांना मी मतदार कार्डं काढून ठेवायला लावली आहेत.