डोन्या विओलेता आणि आठ सेंटिमीटर

शनिवारी, १४ जून २०२५ ला संध्याकाळी वृत्तसंस्थेकडून ती बातमी आली तेव्हा विदेशाच्या पानावर बोटभरही जागा उरली नव्हती. गुरुवारी अहमदाबादला विमान कोसळलं होतं, शुक्रवारी इस्रायलनं इराणवर हल्ले सुरू केले होते. निकाराग्वाच्या माजी अध्यक्ष व्हायोलेटा चामोरो यांचं कोस्टा रिकातल्या सान होसे इथं निधन, वय ९५, एवढ्या चार ओळी कशाबशा कोपऱ्यात बसल्या. वृत्तसंपादकांना म्हटलं, "सर, उद्याच्या पानात यांच्यावर चौकट करते. चारशे शब्द." ते म्हणाले, "करा मॅडम, उद्या रविवार आहे, बातम्या कमीच असतील."

बावीस वर्षं डेस्कवर काढली, तरी त्या चारशे शब्दांचं जे झालं ते अजून मनातून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, निधनाची बातमी आली की आम्ही लिहायला बसतो. खरं तर मोठ्या नावांचा मजकूर आधीच लिहून ठेवलेला असतो, वरची तारीख तेवढी घालायची. चामोरोबाईंचा असा मजकूर आमच्याकडे नव्हता, आणि मराठीत इतर कुणाकडे असेल असंही वाटत नाही. मध्य अमेरिका आमच्या पानावर येते ती भूकंपात किंवा चक्रीवादळात. निवडणूक लढवून अमेरिका खंडांमधली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झालेली बाई, आणि तिच्यासाठी एक फाइल नाही, याचा मला मनापासून राग येतो.

रविवारी दुपारी बाराला येऊन बसले. आधी नाव सोडवलं. इंग्रजीवरून 'व्हायोलेटा' होतं, स्पॅनिश उच्चार 'विओलेता'. लोक त्यांना 'डोन्या विओलेता' म्हणत. आपल्याकडे वयानं आणि मानानं मोठ्या बाईला 'बाई' किंवा 'आईसाहेब' म्हणतात, त्यातला मान त्या 'डोन्या'त आहे. १९९० मध्ये बाईंनी ज्यांना हरवलं त्या दानिएल ओर्तेगांचा भाऊ 'हम्बर्टो' नव्हे, 'उम्बेर्तो'. स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर उच्चारत नाहीत. आमच्याकडे हल्ली ही कुरतड कुणी करत नाही. भाषांतराच्या यंत्रात कॉपी टाकतात आणि जे येईल ते पानात जातं. माणसाचं नाव नीट लिहिणं हा मला त्याचा शेवटचा मान वाटतो.

मग आयुष्य. १८ ऑक्टोबर १९२९ ला दक्षिण निकाराग्वातल्या रिवासला, गुरं आणि जमिनी बाळगून असलेल्या सधन घरात जन्म. १९५० मध्ये पेद्रो होआकिन चामोरोंशी लग्न. ते पुढे 'ला प्रेन्सा' या घरच्याच दैनिकाचे संपादक झाले आणि सोमोसा घराण्याच्या हुकूमशाहीविरुद्ध लिहीत राहिले. तुरुंग, हद्दपारी, पुन्हा तुरुंग. नवरा आत आणि पदरात चार मुलं, अशी कितीतरी वर्षं बाईंनी काढली. १० जानेवारी १९७८ च्या सकाळी राजधानी मानाग्वात गाडीनं कामावर जाताना पेद्रो होआकिन यांना गोळ्या घालून मारलं. देश रस्त्यावर उतरला. दीड वर्षात, जुलै १९७९ मध्ये, सोमोसांची राजवट कोसळली. विजयी सांदिनिस्तांनी, म्हणजे डाव्या क्रांतिकारकांनी, पाच जणांचं सत्तामंडळ नेमलं, त्यात दानिएल ओर्तेगा होते तशा विओलेताही होत्या. नऊ महिन्यांत, एप्रिल १९८० मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. क्रांती ज्या दिशेला चालली होती ती त्यांना पटत नव्हती.

त्यानंतर 'ला प्रेन्सा'वर सेन्सॉर बसला. १९८६ मध्ये सरकारनं पेपर बंदच केला, तो १९८७ मध्ये पुन्हा निघाला. आणि घर? थोरला मुलगा, त्याचंही नाव पेद्रो होआकिन, सांदिनिस्तांविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांच्या बाजूला, क्रिस्तियाना आईबरोबर 'ला प्रेन्सा'त, क्लाउदिया सांदिनिस्ता सरकारची राजदूत, आणि कार्लोस फेर्नांदो सांदिनिस्तांच्या 'बारिकादा' या मुखपत्राचा संपादक. आई एका पेपरात आणि मुलगा समोरच्या! जेवायला मात्र सगळे एका टेबलावर. राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवून या, ही आईची ताकीद असे. हा परिच्छेद लिहिताना मी दोनदा थांबले. आमच्या स्वतःच्या घरात दोन चुलतभाऊ निवडणुकीवरून वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत.

१९९० च्या निवडणुकीत चौदा पक्षांच्या आघाडीनं त्यांना उभं केलं. डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सगळे त्यात होते, ओर्तेगांना विरोध एवढाच समान धागा. बाईंच्या गुडघ्याची वाटी मोडलेली, त्यामुळे प्रचार चाकाच्या खुर्चीत बसून, अंगावर पांढरे कपडे. बहुतेक चाचण्या ओर्तेगा जिंकणार असं सांगत होत्या. २५ फेब्रुवारीला लोकांनी बाईंना सुमारे ५५ टक्के मतं दिली, ओर्तेगांना ४१ च्या आसपास. ओर्तेगांनी पराभव मान्य केला.

इथवर लिहून झालं तेव्हा अडीच वाजले होते. खरा मजकूर याच्या पुढे होता आणि मला त्याचीच ओढ होती.

२५ एप्रिलला सूत्रं हाती आली तेव्हा महागाईचा दर वर्षाला हजारो टक्क्यांचा. युद्धात तीस हजारांच्या आसपास माणसं गेलेली, जंगलात हजारो कॉन्ट्रा बंदुकांसह बसलेले, आणि सैन्य सांदिनिस्तांचं. बाईंनी सक्तीची लष्करभरती बंद केली. संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि सरसेनापतिपदावर ठेवलं कुणाला, तर उम्बेर्तो ओर्तेगांना, हरलेल्या अध्यक्षांच्या सख्ख्या भावाला! आघाडीतले लोक भडकले. उपाध्यक्ष विर्हिलिओ गोदोय यांनी तर जवळपास विरोधी पक्षच चालवला. वॉशिंग्टनमधले कडवे सिनेटर याच मुद्द्यावर मदत अडवून बसले. पण त्या वर्षाच्या मध्यापर्यंत बहुतेक कॉन्ट्रांनी शस्त्रं खाली ठेवली, आणि ऐंशी हजारांवरचं सैन्य काही वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास आलं. ते उम्बेर्तोंच्याच सहीनं. दुसऱ्या कुणाच्या सहीनं त्या फौजेनं बंदुका ठेवल्या असत्या, असं मला वाटत नाही. गोळा झालेल्या हजारो रायफली मानाग्वात काँक्रीट ओतून पुरल्या आणि वर शांतता उद्यान उभं केलं.

दुसरी बाजूही लिहिली होती, कारण निधनाच्या मजकुरात फक्त फुलं वाहणं मला मान्य नाही. नव्या कोर्दोबा चलनानं महागाई आटोक्यात आली, पण नोकऱ्या गेल्या, सरकारी खर्चाला कात्री लागली, रेल्वे बंद पडून रूळ भंगारात निघाले. १९९० च्या मे आणि जुलैमध्ये संपांनी देश ठप्प झाला. जाता जाता सांदिनिस्तांनी घरं आणि जमिनी आपल्या माणसांच्या नावे केल्या होत्या. ते मालकीचे खटले बाईंच्या कारकिर्दीत मिटलेच नाहीत. कारभार प्रत्यक्षात जावई अंतोनिओ लाकायो बघत, हा आरोप कायम राहिला. कॉन्ट्रांना मदत केल्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल दिला होता, त्यातला भरपाईचा दावा त्यांनी १९९१ मध्ये सोडून दिला. ऑगस्ट १९९३ मध्ये उत्तरेत पुन्हा शस्त्रं उचललेल्या माजी कॉन्ट्रांनी सरकारी लोकांना ओलीस धरलं, त्याला उत्तर म्हणून माजी सांदिनिस्ता सैनिकांनी राजधानीत उपाध्यक्षांनाच धरलं. दोन्हीकडचे जिवंत सुटले. वाटाघाटी करून.

साडेतीनच्या सुमारास डेस्कवरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला होता. पुढचे चार तास कुणी खुर्चीवर टेकलं नाही. चार माणसं गेली, पन्नासाहून जास्त जखमी. आमच्याच जिल्ह्यातली, वर्षा सहलीला आलेली माणसं. आतली दोन पानं तिकडे गेली आणि ती जायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रात्री पान सोडायच्या वेळी माझ्या चौकटीला जागा उरली एक कॉलम, आठ सेंटिमीटर. मी पुलाच्या जखमींची यादी रुग्णालयांशी ताडून बघत होते. पान लावणाऱ्या मुलानं वर्षानुवर्षांच्या रीतीप्रमाणे मजकूर खालून कापला. बातमीत महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली असतं, हे आम्हीच शिकवतो. चूक त्याची नाही. मी मात्र आयुष्याच्या क्रमानं लिहिलं होतं. सकाळी पेपर उघडला. मजकूर 'पराभव मान्य केला' या शब्दांवर संपला होता. शीर्षक कुणीतरी घाईत बदललेलं : 'हुतात्मा संपादकाच्या पत्नीचे निधन'. सात वर्षांचं राष्ट्राध्यक्षपद, पुरलेल्या रायफली, शत्रूच्या भावाला दिलेली खुर्ची, सगळं कात्रीखाली. बाई निवडून येतात आणि संपतात.

चिडून सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वाचकाला काय फरक पडतो?" मला पडतो, एवढंच म्हणाले आणि बाहेर आले. पण डोक्यात दुसराच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला चारशे शब्दांतही देता आलं नसतं.

१० जानेवारी १९९७ ला, नवऱ्याच्या हत्येला बरोबर एकोणीस वर्षं झाली त्याच तारखेला, बाईंनी निवडून आलेल्या उत्तराधिकाऱ्याकडे सत्ता सोपवली. २००७ मध्ये दानिएल ओर्तेगा परत आले ते आजवर गेले नाहीत. २०२१ मध्ये निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या क्रिस्तियानाला घरात कैद केलं, थोरल्या पेद्रो होआकिनला तुरुंगात टाकलं, 'ला प्रेन्सा'ची इमारत जप्त केली. कार्लोस फेर्नांदोला, एकेकाळच्या त्यांच्याच मुखपत्राच्या संपादकाला, देश सोडावा लागला. २०२३ मध्ये तिघांचंही नागरिकत्व काढून घेतलं. त्याच वर्षी आजारी आईला मुलांजवळ कोस्टा रिकात नेलं. आणि उम्बेर्तो? भावाच्या सत्तेविरुद्ध बोलले म्हणून पोलीस पहाऱ्यात, आणि २०२४ मध्ये लष्करी रुग्णालयात मृत्यू.

मग बाईंनी १९९० मध्ये सूडाची दारं बंद केली, ती चूक होती का? चौदा पक्षांतले कित्येक तेव्हा हेच ओरडत होते. मी दोन आठवडे उलटसुलट विचार करतेय. रायफली बाहेर असत्या तर आणखी किती घरांत १० जानेवारी आली असती, हे कुठल्याच बातमीत येत नाही. न घडलेल्याची बातमी होत नाही. पण ज्याला सन्मानानं जाऊ दिलं त्यानंच पुढे मुलांना कैदेत टाकलं, हेही खोडता येत नाही.

कुटुंबानं कळवलंय की निकाराग्वा पुन्हा प्रजासत्ताक होईपर्यंत बाई सान होसेतच विसावतील. मंगळवारी कामावर गेल्यावर पूर्ण चारशे शब्द पुन्हा लावले, या वेळी राष्ट्राध्यक्षपद वर घेतलं. पहिली ओळ अशी ठेवली आहे : 'माजी राष्ट्राध्यक्ष विओलेता बारिओस दे चामोरो यांचे पार्थिव आज मानाग्वा येथे आणण्यात आले.' तारखेची जागा मोकळी आहे. फाइल सर्व्हरवर 'तयार मजकूर' या फोल्डरमध्ये आहे, आणि डेस्कवरच्या दोन्ही नव्या मुलींना ती कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.