३ गुणिले ४ बरोबर १५: छोटा प्रोसेसर बांधतानाचा माझा अनुभव

बरीच वर्षं प्रोग्रामिंग करतेय, पोटापाण्याचं कामच आहे ते, पण एक प्रश्न कायम टोचत राहिला होता. आपण प्रोग्राम लिहितो, कंपायलर त्याची शून्य-एकची रांग करतो, ती रांग प्रोसेसरकडे जाते आणि प्रोसेसर ती "समजून" बेरीज करतो. हे समजणारं आत नेमकं कोण बसलंय? आकृतीत एक चौकोन असतो, त्यावर कंट्रोल युनिट असं लिहिलेलं असतं, चारी बाजूंना बाण असतात आणि चौकोनाच्या आत कोरं. शेवटी ठरवलं की वाचणं पुरे, लॉजिक सिम्युलेटर (सर्किट संगणकावरच जोडून चालवून बघायचं सॉफ्टवेअर) घ्यायचा आणि आठ बिटांचा प्रोसेसर स्वतः बांधायचा. मेमरी, कंट्रोलचा तक्ता आणि बसवरचे बफर (सामायिक वायरींवर कोणाचा आकडा जाऊ द्यायचा ते ठरवणारी दारं) एवढे तीन ठोकळे तयार घेतले, बाकी सगळं नँड गेट नावाच्या छोट्या सर्किटपासून. नोकरी सांभाळून साडेचार महिने लागले.

नँड म्हणजे काय तर दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०, नाहीतर १. एवढ्यावर बाकीची सगळी गेट्स होतात, दोन इनपुट एकत्र जोडले की नॉट (० चा १, १ चा ०), त्या नॉटच्या आधी आणखी एक नँड लावलं की अँड (दोन्ही १ तरच १), असं करत करत. स्विचच्या जोडणीला बूलचं बीजगणित (फक्त खरं-खोटं, म्हणजे १ आणि ० यांचं गणित) लागू पडतं हे क्लॉड शॅननने १९३७ मध्ये आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं होतं, हे वाक्य मी आधी दहादा वाचलं असेल, पण स्वतः चार नँड जोडून एक्सॉर (दोन इनपुट वेगळे असतील तरच १) केलं आणि दिवा बरोबर लागला तेव्हा त्यातली ताकद जाणवली.

बेरीज मला सगळ्यात जास्त आवडली कारण ती अगदी शाळेतल्यासारखीच आहे, हातचा धरायचा आणि पुढच्या घरात द्यायचा, फरक एवढाच की इथे १ आणि १ झाले की लगेच हातचा येतो. एका घराला ९ नँड लागतात, आठ घरांना ७२. आणि वजाबाकीसाठी वेगळं यंत्र लागतच नाही! दुसऱ्या संख्येचे सगळे बिट उलटे करायचे आणि पहिल्या घरात हातचा म्हणून आयता १ द्यायचा, झाली वजाबाकी. एकच वायर, ती ० असेल तर बेरीज, १ असेल तर वजाबाकी. ही वायर लक्षात ठेवा, पुढे माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातूनच मिळालं.

मग आली लक्षात ठेवण्याची गोष्ट आणि इथे मी तीन आठवडे अडकले. दोन नँडची आउटपुटं एकमेकांच्या इनपुटला जोडली की ती जोडी एक बिट धरून ठेवते, याला लॅच म्हणतात. मी त्याच लॅचपासून प्रोग्राम काउंटर बांधला, म्हणजे पुढची सूचना मेमरीच्या कुठल्या घरात आहे ते सांगणारं रजिस्टर (काही बिट एकत्र धरून ठेवणारी जागा). क्लॉकच्या (ठरावीक तालात ० आणि १ होत राहणाऱ्या वायरीच्या) एका ठोक्याला त्याने एकाने पुढे जायचं, पण तो क्लॉक १ असेपर्यंत नुसता धावतच सुटायचा, ० वरून ५, मग ११, मग ३, काहीही. कारण लॅच उघडा असला की आत आलेला आकडा लगेच बाहेर पडतो, त्यात १ मिळवला जातो, तो परत आत येतो, परत बाहेर, परत १. उपाय म्हणजे एकामागे एक दोन लॅच, पहिला उघडा असेल तेव्हा दुसरा बंद आणि दुसरा उघडेल तेव्हा पहिला बंद, म्हणजे आकडा एका ठोक्यात एकच दार ओलांडतो. याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. क्लॉक कशासाठी असतो हे मला त्या दिवशी कळलं, त्याआधी मला गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त वेग वाटायचा. वेग आहेच पण त्याहून आधी ती शिस्त आहे, सगळ्यांची उत्तरं स्थिर होईपर्यंत थांबा आणि मग सगळे एकदम पुढे या.

रजिस्टर झाली, त्यांना जोडणारी बस झाली (आठ वायरींचा जुडगा, एका वेळी त्यावर एकानेच बोलायचं), १६ बाइटची मेमरी लावली आणि मग उरला तो कोरा चौकोन.

माझी प्रत्येक सूचना ८ बिटांची होती, वरचे ४ बिट म्हणजे काय करायचं आणि खालचे ४ म्हणजे मेमरीतलं कुठलं घर. आणि सगळ्या यंत्रात मिळून १५ कंट्रोल वायरी होत्या. एक वायर अ रजिस्टरचं दार उघडते, एक मेमरीला बसवर बोलायला लावते, एक ती मघाची वजाबाकीची. आता "बेरीज कर" ही सूचना घ्या. पहिल्या ठोक्याला काउंटरमधला पत्ता मेमरीकडे, दुसऱ्याला मेमरीतली सूचना सूचना-रजिस्टरमध्ये आणि काउंटर एकाने पुढे, तिसऱ्याला सूचनेतले खालचे ४ बिट पत्ता म्हणून मेमरीकडे, चौथ्याला तिथला आकडा ब रजिस्टरमध्ये, पाचव्याला बेरजेचं उत्तर अ मध्ये. प्रत्येक ठोक्याला कुठल्या वायरी १ आणि कुठल्या ० एवढंच ठरवायचं, म्हणजे तो एक तक्ता झाला. सूचनेचे ४ बिट, कितवा ठोका ते सांगणारे ३ बिट आणि आधीचं उत्तर शून्य होतं का हा १ बिट, एकूण ८, म्हणून २५६ ओळी, आणि प्रत्येक ओळीत १५ शून्य-एक. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्सने १९५१ मध्ये मायक्रोप्रोग्रामिंग म्हणून मांडलेली कल्पना ती हीच.

तक्ता भरताना रात्री उशिरा मी एकदम थांबले. चौकोनात कोणीच नव्हतं! सूचना कोणी वाचत नाही, कोणी समजत नाही, तिचे बिट हेच तक्त्यातल्या ओळीचा पत्ता होतात आणि त्या ओळीतले बिट सरळ दारांना जोडलेले असतात. किल्ली कुलपाला काही सांगते का? तिचे दात असे कापलेले असतात की कुलूप फिरतं. प्रोग्राम म्हणजे अशा किल्ल्यांची रांग. इतकी वर्षं जे काम केलं त्याच्या तळाशी काय आहे ते पहिल्यांदा दिसलं आणि मला खरंच भरून आलं.

पहिला खरा प्रोग्राम गुणाकाराचा लिहिला. गुणाकाराची सूचना नव्हती म्हणून परत परत बेरीज करायची, दर वेळी मोजणीतून १ वजा करायचा आणि शून्य झालं की उडी मारून बाहेर. ११ सूचना आणि ४ आकडे, १५ बाइट, मेमरीत एकच घर रिकामं. ३ गुणिले ४ चालवलं, उत्तर १५. बरं म्हटलं, ५ गुणिले २ बघू, तेही १५! १५ म्हणजे खालचे चारही बिट १, त्यामुळे मला वाटलं कुठेतरी वायरी १ ला चिकटल्यात, दोन दिवस एकेक वायर तपासण्यात गेले. मग २ गुणिले ३ दिलं तर ८ आलं, आणि तेव्हा दिसलं की वायरी ठीक आहेत, दर वेळी बेरीज एकदा जास्त होतेय.

कारण असं होतं की बेरजेच्या सर्किटला थांबणं माहीतच नाही, अ आणि ब मध्ये जे असेल त्याचं उत्तर ते सतत काढत बसतं. मोजणी १ वरून ० झाली तेव्हा उत्तर शून्य आहे हे सांगणारी वायर १ व्हायला हवी, झालीही असेल, पण उडीच्या सूचनेपर्यंत वजाबाकीची वायर परत ० झालेली, म्हणजे सर्किट ० अधिक १ करत होतं आणि ते काही शून्य नाही. आणखी एक फेरी झाली, मोजणी ० वरून २५५ वर गेली, आणि २५५ अधिक १ आठ बिटांत मावत नाही म्हणून शून्य, आणि मग उडी! चूक माझीच होती पण ती इतकी नियमाने वागत होती की सापडल्यावर तिचा राग येईना. शून्य होतं की नाही हे त्याच ठोक्याला एका फ्लिप-फ्लॉपमध्ये पकडून ठेवायचं, फक्त बेरीज-वजाबाकीच्या सूचनेतच. त्यासाठी सोळावी कंट्रोल वायर आली.

मग क्लॉक सेकंदाला एक ठोका असा ठेवून बसले. ३४ सूचना, प्रत्येकी ५ ठोके, १७० सेकंद. १२ आलं.

एक गोष्ट माझ्या छोट्या यंत्रात दिसत नाही ती म्हणजे मेमरीची वाट बघणं. ३ गिगाहर्ट्झला एक ठोका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो, आणि मुख्य मेमरीचं उत्तर यायला असे शेकडो ठोके लागू शकतात. म्हणून खऱ्या प्रोसेसरमध्ये कॅश (जवळच ठेवलेली छोटी, जलद मेमरी) असते, आणि चिपवरची बरीच जागा तिलाच जाते. ते मला पुढे करून बघायचंय.

पण त्याआधी बेरजेचं सर्किट बदललं. हातचा एकेका घरातून सरकत जातो, घराला २ गेट, आठ घरांना १६ गेटांची वाट, आणि क्लॉकला तेवढं थांबावंच लागतं. म्हणून हातचा आधीच काढणारं सर्किट बांधलं, गेट जास्त लागली पण वाट कमी झाली. मनात धाकधूक होती. सूचना काय आहेत हा एक भाग आणि त्या आतून कशा पार पाडायच्या हा दुसरा, हे दोन वेगळे ठेवायचे म्हणून आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० काढली, लहानमोठी यंत्रं पण सूचना त्याच, हे मला माहीत होतं. तरी आपल्या हाताने ७२ नँड उचकटून काढताना धीर लागतोच. नवीन सर्किट जागेवर बसवलं, मेमरीतले ते १५ बाइट जसेच्या तसे ठेवले, क्लॉक या वेळी थोडा जलद ठेवला आणि सुरू केलं. १२.