तिळाएवढी माणसं

१४ जानेवारी, रात्री साडेअकरा

भाच्यानं बोस्टनहून येताना पुठ्ठ्याच्या नळीत घालून एक चित्र आणलं. हार्वर्ड विद्यापीठ, रिचर्ड रमेलनं १९०६ साली काढलेलं. ही अर्थात छापील प्रत. घारीनं वरून बघावं तसं सगळं. इमारती, झाडं, रस्ते. फ्रेमवाला म्हणाला, ‘ताई, हार अडकवायला खिळा ठेवू का?’

असली चित्रं काढणारे बहुतेक जमिनीवरूनच काम करायचे. पायी हिंडून एकेक इमारत कागदावर घ्यायची, मग वरून कशी दिसेल ते मनानं जुळवायचं. न बांधलेली इमारतसुद्धा काही जण आराखडा बघून काढून ठेवत.

हिंडणं तर माझंही झालंय, माझ्या विद्यापीठात. गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला तसंच चित्र काढायला घेतलं. वर लेण्यांचा डोंगर, पायथ्याला सोनेरी महाल, खाली बेगमपुरा, मकाई गेट. वसतिगृहाकडचा रस्ता कुठं वळतो ते काही केल्या आठवेना. तिथं कडुनिंब काढून टाकले.

अडले ते नावाच्या पट्टीपाशी. मी १९९३ ला प्रवेश घेतला तो मराठवाडा विद्यापीठात. १९९४ च्या आजच्याच तारखेला नामविस्तार झाला, आणि एम.ए.च्या गुणपत्रिकेवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ आलं. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. मधल्या १६ वर्षांत घरं जळाली, माणसं गेली. आम्ही मात्र वर्गात त्यावर बोलायचं टाळायचो. कोण कुठल्या बाजूचं हे सगळ्यांना ठाऊक, तरी डबा एकत्र खायचो आणि विषय बदलायचो. त्याची आज लाज वाटते.

‘मावशी, नाव तर लिहायचंय, एवढा काय विचार करायलीस?’

लिहिलं, पूर्ण. अक्षरं मोठी धरली होती, त्यामुळं ‘मराठवाडा’पर्यंतच पट्टी भरली. ‘विद्यापीठ’ खालच्या ओळीत, थेट विद्यापीठाच्या गेटच्या डोक्यावर आलं.

गेट सगळ्यात मोठं झालंय, महालाच्याही वर. मापात चुकलं, पण खोडलं नाही. सकाळी तिकडून जाताना रिक्षा पुढं सरकत नव्हती एवढी गर्दी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर पोरं.

तेव्हापासून गेटसमोर माणसं काढत बसलेय. तिळाएवढी. ६० झाली. तिळगुळाचं ताट भाच्यानं संपवलंय, मला एक वडी ठेवलीय.