30 एमएमसाठी गेलेले दोन रविवार

आमचं शेत लांबोटीच्या पुढं आत, सीनेच्या अंगाला. सोलापुरातनं हायवे एकदम मक्खन, भानगड शेवटच्या दीड किलोमीटरची, पाणंद रस्ता. ऊसतोड सुरू झाली की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर त्यात अशा चाकोऱ्या पाडतात की मधला उंचवटा सरळ गाडीच्या पोटाला घासतो. माझी गाडी 2015 ची डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, सेकंडहँड घेतलेली, कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, 210 एमएम, कागदावर भरपूर आहे की, पण पोट टेकलं ना की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा नॉब लॉकवर टाका नाहीतर देवाचं नाव घ्या, चाकं नुसती जागच्या जागी फिरतात.

आधी वाटलं मोठे टायर टाकू. मग हिशोब केला, 215/65 चे 215/70 केले (दुसरा आकडा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के) तर टायरची उंची वाढते 21 एमएमच्या आसपास आणि गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 11. एवढ्यासाठी चार नवे टायर कोण घेणार. म्हणून 30 एमएमचे स्पेसर मागवले. स्पेसर म्हणजे काय, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) डोक्यावर बसणारी जाड चकती, स्प्रिंग तीच, शॉकअप तोच.

बोलेरोवाला मित्र म्हणला, "लिफ्टनं काय होत नाय बे, मागचा गोळा तिथंच राहतो." त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे ते. बोलेरोचा मागचा अ‍ॅक्सल सलग, डिफरन्शियल म्हणजे तो गोळा, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, त्यातच, बॉडी कितीही उचला गोळा टायरच्याच उंचीवर. डस्टर एडब्ल्यूडीला मागं इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं, डिफरन्शियल बॉडीच्या बाजूला लटकलेला, त्यामुळं तो पण सगळ्यांबरोबर वर जातो. हे त्याला चहा संपेपर्यंत पटलं नाही.

अक्कलकोट रोडच्या बाजूला एक ओळखीचे चाचा आहेत, त्यांच्या गॅरेजवर काम काढलं. पहिला अर्धा दिवस तर स्ट्रटचे खालचे बोल्ट सोडवण्यातच गेला, दहा वर्षांची काळी माती आत जाऊन सिमेंट झालेली, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो तरी हलेना, शेवटी तेल मारून जेवायला गेलो, भाकरी-शेंगाचटणी खाऊन आलो तेव्हा कुठं कटकन आवाज आला. बाकी काम सरळ. गाडी जॅकवर असताना चाक आता आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं, तेव्हा ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणत नाही ना हे हात लावून बघायचं, आणि अ‍ॅक्सलचे रबरी बूट पण, कारण कोन तिथंच सगळ्यात जास्त होतो.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली, दिसायला लई भारी, फोटोबिटो झाले. सोमवारी स्पीड ब्रेकरवर पुढनं आवाज, कुर्र कुर्र, जुन्या पाळण्यासारखा. स्टेअरिंग पण डावीकडं वाकडं. स्टेअरिंगचं कळत होतं, उंची बदलली की टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो, अलाइनमेंट करावीच लागते, केली. आवाज मात्र तसाच.

पुढच्या रविवारी परत चाचांकडं. चूक आमचीच होती, खालच्या आर्मच्या (चाक गाडीला धरून ठेवणारा दांडा) बुशचे, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याचे, बोल्ट आम्ही सोडलेच नव्हते. बुशमधलं रबर बोल्ट आवळल्यावर ज्या कोनात असतं त्यालाच आपली बसायची जागा समजतं, गाडी 30 एमएम वर गेली म्हणजे ते चोवीस तास पिळलेल्या फडक्यासारखं राहणार आणि लवकर फाटणार. चाचांनी चारही चाकं खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकवली, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर ठेवून खालनं बोल्ट ढिले केले, दोघांनी बॉनेट दाबून गाडी चारपाच वेळा हलवली आणि तशीच परत आवळली. आवाज गायब. काम वीस मिनिटांचं. परत एकदा अलाइनमेंटचे पैसे गेले ते वेगळेच. तुम्ही कोणाकडंही करा, हे एक मात्र समोर उभं राहून करून घ्या.

आता पाणंदीतला उंचवटा घासत नाही, खरंच नाही. हायवेला वळणावर गाडी आधीपेक्षा थोडी जास्त झुकते, तेवढं हळू घ्यायचं.

मग परवा पाऊस पडला. काळ्या रानात दोनशे फूट गेलो असेन, चाकं चिखलानं गोल गुळगुळीत झाली आणि मडगार्डमध्ये माती ठासून गाडी थांबली. आण्णा बांधावरनं बघत होते. काही बोलले नाहीत, गोठ्यातनं खुरपं आणून माझ्या हातात दिलं. बसलो माती काढत. एक सांगतो, आधी टायर आणि मडगार्डच्या मधे खुरपं नीट जात नव्हतं, आता आरामात जातं.